विद्यामंदिर आणि उकिरडा

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव फिरते अशी आपल्यात म्हण आहे. शेतकऱ्याच्या घरी मात्र त्यास इतके थांबावे लागत नाही. मृगापूर्वी उकिरडा उपसला जातो आणि त्याचे खत शेतात पडते. हा हिशेब शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बहिणाबाई चौधरींना पक्का ठाऊक असणार. जळगावास १९९० साली स्थापन झालेल्या विद्यापीठास २०१८ पासून त्यांचेच नाव आहे, व नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्याच कक्षेत येतात.

अक्राणी, अक्कलकुव्याच्या डोंगरांतून जी मुले नंदुरबारास शिकावयास येतात, त्यांच्या घरी टाकण्याजोगी वस्तूच थोडी. शिळेपाके गुरांना, शेण शेताला. वसतिगृहात आल्यावर ती उरलेला वरणभात, वहीचे कागद व प्लॅस्टिकची पिशवी एकाच डब्यात टाकावयास शिकतात. विद्येबरोबर ही अविद्याही पदरात पडावी, हे आम्हांस शोचनीय वाटते.

वास्तविक उपाय अवघड नाही. वरणात भिजलेला कागद रद्दीवाला घेत नाही. कोरडा राहिला तर त्याचे पैसे येतात. स्वयंपाकघरातील ओला कचरा व आवारातील वाळला पाला यांचे थर खड्ड्यात घालून ते अधूनमधून हालविले, तर दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. खानदेशच्या उन्हाळ्यात खड्ड्यावर सावली व पाण्याचा शिपका हवा, एवढेच. तो पाला जाळणे म्हणजे खत जाळून धूर विकत घेणे होय. सरकारच्या २०१६ च्या नियमांनीही पाच हजार चौरस मीटरांहून मोठ्या आवाराच्या संस्थांवर कचरा मुळातच वेगळा करण्याची, व ओल्याची शक्यतो आवारातच वाट लावण्याची जबाबदारी टाकली होती.

मग अडते कोठे? आमच्या मते, हातापाशी अडते. टाकणारा हात एक आणि निवडणारा हात दुसरा, अशी आपली जुनी वाटणी आहे. व ती कोणत्या जातींनी कोणत्या जातींवर लादली, हे सुशिक्षित घरांस निराळे सांगावयास नको. फुटलेली काच डब्यात टाकणाऱ्यास लागत नाही. ती दुसऱ्याच्या बोटांत शिरते.

या प्रश्नास एका विद्यापीठानेच हात घातल्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या पुणे येथील प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवावयास गेल्या. तेथे त्यांस असे दिसले की, लोकांनी घरातच कोरडा कचरा वेगळा करून दिला, तर या मुलांच्या आयांना उकिरडा उपसावा लागणार नाही व कमाईही वाढेल. त्यातूनच १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. ज्यांस लोक हटकीत, त्या स्त्रिया ओळखपत्र लावून दारी येऊ लागल्या.

खानदेशालाही असा धडा परका नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असता साने गुरुजी छात्रालयाची व्यवस्था पाहत, आणि मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. मुलांना लाज वाटली आणि झाडू त्यांच्या हाती गेला. फलक लावून ते काम झाले नसते.

येत्या जूनमध्ये जे पालक मुलामुलींस वसतिगृहात पोहोचवावयास जातील, त्यांस आमची एक विनंती आहे. खोली व जेवण यांची चौकशी करालच. त्याबरोबर उष्टे कोठे जाते, पाला जाळतात काय, आणि कचरा निवडणाऱ्या बाईस हातमोजे दिले आहेत काय, हेही व्यवस्थापकांस विचारावे. आणि निघण्यापूर्वी फुटलेला पेला जाड कागदात गुंडाळून निराळा ठेवण्याची सवय मुलांस आपल्याच स्वयंपाकघरात लावून द्यावी.