समुद्रात रेंज नसते!

मैत्रिणींनो, आपल्याकडे बाई घराबाहेर कधी पडते, याचा जरा हिशेब मांडून बघा. लग्नकार्य, लेकीचं बाळंतपण, कुणाचा दवाखाना आणि देवदर्शन. माहेरपण म्हणावं, तर तेही आता दिवाळीच्या दोन दिवसांवर आलंय, आणि तिथेही भावजयीशेजारी पोळ्या लाटायला बसतोच की आपण. काहीही कारण नसताना, नुसतं बरं वाटावं म्हणून बाई तीन दिवस कुठे गेली, असं आमच्या परभणीत तरी फारसं घडत नाही. घडलंच तर तिला चार घरी उत्तरं द्यावी लागतात.

म्हणून आज मी एका भलत्याच गोष्टीची वकिली करणार आहे. मुंबईहून सुटणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या जहाजसफरीची. आणि तीसुद्धा नव्या कोऱ्या, टोलेजंग जहाजाची नव्हे. जुन्या, मध्यम आकाराच्या, म्हणूनच परवडणाऱ्या जहाजाची.

'क्रूझ' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे सिनेमातल्या नट्या येतात. पैसेवाल्यांचे चोचले, आपलं काय काम तिथं, असं वाटतं. मलाही हा विषय सुचला तो बचत गटांच्या कामातून. गटातल्या बायकांची बचत कुठे जाते, ते मी वीस वर्षं बघतेय. पोराच्या मोटारसायकलला, घरावरच्या पत्र्यांना, मुलीच्या फीला. ते चूक नाहीच. पण त्या वहीत 'स्वतःसाठी' असा एकही रकाना मला दिसला नाही. म्हणून आम्ही आठ जणींनी भिशीच्या जोडीनं एक वेगळा डबा सुरू केला. महिना बाराशे रुपये, अठरा महिने. माणशी एकवीस हजार सहाशे जमले आणि २०२३ च्या डिसेंबरात आम्ही मुंबई–गोवा–मुंबई करून आलो. देवगिरी एक्सप्रेसनं रात्री निघालो, सकाळी सीएसएमटीला उतरलो. तिथून बॅलार्ड पिअरचा धक्का टॅक्सीनं पाच-दहा मिनिटांवर. परतीच्या गाडीभाड्यासकट सगळं त्या डब्यातच भागलं.

पहिली नाकं मुरडली गेली ती जहाजाच्या वयावर. "जुनं खटारं आहे म्हणे! त्यापेक्षा थांबा, पुढे सिंगापूरला मोठ्या जहाजावर नेऊ." हे वाक्य आठांपैकी पाच घरांत बोललं गेलं. तेव्हा जरा माहिती काढली. मुंबईहून २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज सुटू लागलं. ते फ्रान्समधल्या सेंट नाझेर इथल्या गोदीत बांधलेलं, १९९० सालचं. तेव्हा त्याचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. मला गंमत वाटली ती पुढची. हे जहाज बांधलंच होतं मुळी छोट्या सफरींसाठी. अमेरिकेतल्या मायामी बंदरातून बहामा बेटांना तीन-चार रात्रींत जाऊन येण्यासाठी. म्हणजे ज्या कामासाठी जन्माला आलं, तेच काम ते म्हातारपणी आपल्या किनाऱ्यावर करू लागलं. अकरा मजले, सुमारे आठशे खोल्या, दोनशे अकरा मीटर लांबी आणि साडेअठ्ठेचाळीस हजार टनेज. (हे टनेज म्हणजे वजन नव्हे बरं का, जहाजाच्या आतल्या जागेचं माप.) २०२४ साली सफरींना निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' याच्या पाचपट आहे. आता सांगा, आमच्या गुडघेदुखीवाल्या काकूंना आठशे खोल्यांच्या जहाजावर आपली खोली सापडायला दीड दिवस लागला, तर पाचपट मोठ्या जहाजावर काय झालं असतं?

जुनं जहाज स्वस्त का पडतं, याला फार डोकं लागत नाही. त्याच्या बांधणीचा पैसा केव्हाच वसूल झालेला असतो. आणि मोठ्या जहाजांवर खेळ, दुकानं, घसरगुंड्या इतक्या की माणसाला समुद्राकडे बघायला फुरसत मिळू नये. इथं तेवढं काही नसतं, त्यामुळे डेकवर खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसावं लागतं. बसा की!

जुनं म्हणजे धोक्याचं का? हा प्रश्न मात्र रास्त आहे. आपल्याकडे जुन्या माणसांच्या मनात 'रामदास' बोट अजून बुडालेली नाही, रोज बुडते. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळी पावसात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला कळायलाही कित्येक तास लागले. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी एवढ्या एका गोष्टीवरून मला दोन महिने अडवलं. मी त्यांना सांगितलं ते असं : प्रवासी जहाजाचं सुरक्षा-प्रमाणपत्र आंतरराष्ट्रीय नियमानं फार तर वर्षभराचं असतं, दरवर्षी तपासणी करून ते नव्यानं घ्यावं लागतं. आपली एसटी इतकी तपासून सुटते का? शिवाय जहाज निघायच्या आधी, निदान निघताच, सगळ्या प्रवाशांची कवायत सक्तीची असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की कुठल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं, हे शिकवतात. ते टाळून खोलीत लोळू नका. आणि पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अशा सफरींचा हंगाम नसतो. त्याचं सगळं ऑक्टोबर ते मे.

दुसरी हरकत होती ती 'तसल्या' जहाजावर बायकांनी जायची. २ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईत एका क्रूझवर अमली पदार्थविरोधी पथकाचा छापा पडला आणि महिनाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. तेव्हापासून आमच्या गल्लीत क्रूझ म्हणजे वाया गेलेली पोरं, एवढंच समीकरण. जहाजावर बार असतो, हे खरं. लग्नाच्या हॉलच्या मागच्या अंगणातही असतो, तिथे आपण जातोच ना? आम्ही बघितलं ते असं : निम्म्याहून अधिक लोक कुटुंबकबिल्यासह आलेले, आजी-आजोबा, लेकरं, गुजराथी मंडळींचे मोठमोठे जथे. रात्री अकरा वाजता आम्ही आठ जणी डेकवर भेंड्या खेळत होतो. कुणी वाकड्या नजरेनं बघितलं नाही. असं रात्री अकराला आपल्या गावात कुठल्या चौकात बसता येईल, सांगा बरं.

तसं बघितलं तर बोटीचा प्रवास मराठी बायकांना नवा नाहीच. आमच्यातल्या एका बाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं. त्यांच्या आईनं 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटींवरून डेकवर चटई अंथरून कितीदा तरी मुंबई केलेली. कडेवर एक, हाताशी दोन पोरं, वर फणस आणि कुळथाचं पीठ. बंदर आलं की मचव्यात उतरायचं आणि मग किनारा. ती माउली सासर-माहेर सांभाळत, जबाबदारीच्या ओझ्यासकट समुद्र ओलांडत होती. आम्ही मोकळ्या हातांनी गेलो, एवढाच फरक.

मोकळे हात म्हणाल, तर तेही सोपं नाही. जेवणाचे पैसे तिकिटातच असतात. शाकाहारी, जैन सगळं मिळतं. पहिल्या रात्री आमच्यातल्या चौघी स्वतःचं ताट बाजूला ठेवून बाकीच्यांना पोळ्या आणून द्यायला उठल्या! सवय. शेजारच्या टेबलावर मात्र लोकांनी ताटात डोंगर रचले आणि निम्मे तसेच सोडले. ते बघून जीव तुटला. आपल्या लोकांना फुकट दिसलं की काय होतं कोण जाणे.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. बसनं अष्टविनायक करा की रेल्वेनं काशी, मोबाइल कमरेला असतोच. "साखरेचा डबा कुठे?", "गॅसवाला आलाय, पुस्तक कुठे ठेवलंस?", "बाळूचा गणवेश?" बाई देवळाच्या रांगेत उभी राहून घर चालवत असते. जहाज मुंबईच्या किनाऱ्यापासून थोडं दूर गेलं आणि आठही फोनांची रेंज गेली. वायफायचे पैसे वेगळे होते, ते आम्ही ठरवून भरले नाहीत. पहिला तासभर सगळ्या फोन वर धरून डेकच्या या टोकाहून त्या टोकाला फिरत होत्या. नंतर एकेक जण थंडावली. एक वहिनी तर म्हणाल्या, "लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी कुठेय ते कुणालाच विचारता येत नाही, असं आज पहिल्यांदा झालं." स्वस्त जहाज, जुनं जहाज, लहान जहाज, सगळं असो, बाईला परत बोलावता येत नाही अशी जागा यापेक्षा कमी पैशात मला तरी माहीत नाही.

यावर लगेच येणारा प्रश्न मला ठाऊक आहे. "आणि घरात काही झालं तर?"

झालं. आमच्याच घरात झालं. त्या रात्री माझ्या सासूबाईंची साखर एकदम उतरली. दरदरून घाम, बोलणं अडखळतंय. आमच्या ह्यांनी मला फोन लावला, लागला नाही. मग शेजारच्या डॉक्टरांना उठवलं, त्यांनी सांगितल्याप्रमाणे साखरेचं पाणी पाजलं, पहाटेपर्यंत उशाशी बसून राहिले. सकाळपर्यंत सासूबाई ठणठणीत. हे सगळं मला कळलं ते मुरगाव बंदराला जहाज लागल्यावर, रेंज आली तेव्हा. त्यावर गावातली प्रतिक्रिया काय? "बघा, बाई समुद्रावर मजा करतेय आणि म्हातारी..." मला तीन बायकांनी तोंडावर ऐकवलं. ह्यांना कुणी विचारलं नाही की पंचवीस वर्षं एका घरात राहून आईच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात, ते तुम्हाला माहीत का नव्हतं. मी घरी असते तर साखर उतरली नसती, असं थोडंच आहे? मी घरी असते तर फक्त ह्यांची झोपमोड झाली नसती. आता आमच्या फडताळातल्या सगळ्या औषधांवर ह्यांच्याच अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. सासूबाईंचं इंजेक्शनही तेच देतात. माझ्या मते एकवीस हजारांत ते एवढं शिकले, हेही काही महाग पडलं नाही.

आता थोडं व्यवहाराचं. आमच्या गावातल्या एका एजंटानं सुरुवातीला जो आकडा सांगितला, त्यात कर, बंदराचं शुल्क आणि सेवाशुल्क धरलेलंच नव्हतं. कागदावर आलं तेव्हा रक्कम फुगली आणि आम्ही त्याला रामराम ठोकला. तेव्हा 'शेवटचा आकडा' लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पैसे परत मिळण्याच्या अटीही वाचा. २०१९ ला मुंबईहून 'कर्णिका' नावाचं जहाज थाटात सुरू झालं होतं, तेही १९९० चंच. पुढच्याच वर्षी कंपनी बंद पडली आणि जहाज गुजरातेत अलंगला भंगारात गेलं. फार आधी पूर्ण पैसे अडकवून ठेवू नयेत, ते यासाठी.

खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त. चौघींची एक खोली घेतली तर तिसरी-चौथीचं भाडं कमी लागतं. खोली लहान असते, वरच्या बर्थवर चढावं लागतं, पण खोलीत बसायला जातंय कोण? शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा टाळा, भाव उतरतात. गोव्याला पासपोर्ट लागत नाही, आधार कार्ड पुरतं. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, उलटी झाल्यावर घेऊन उपयोग नाही. मुरगावला जहाज लागलं की सगळे खाली धावतात; आमच्यातल्या सहा जणी मंगेशीला गेल्याच (देवदर्शन सुटतंय होय!), दोघी मात्र मागे थांबल्या आणि रिकाम्या जहाजावर राणीसारख्या राहिल्या. आणि एक कळकळीचं : कर्ज काढून जाऊ नका. बचत गटाच्या कर्जातून तर मुळीच नाही. महिन्याला बाराशे जमत नसतील तर सहाशे टाका, दुप्पट दिवस लागतील.

ज्यांच्या मुलानं "थांब आई, सिंगापूरला नेतो" म्हणून नाव काढायला लावलं, त्या नववीचा पासपोर्ट अजून कपाटात कोरा आहे. परवा त्याच माझ्याकडे डब्याची चौकशी करून गेल्या. आमचा दुसरा डबा सुरू झालाय. सध्या सहा जणी आहेत. चौघींची एक खोली या हिशेबानं दोन जागा शिल्लक आहेत.