‘पहिली’ या विशेषणापलीकडे

‘वैमानिक’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे बहुधा पुरुषच उभा राहतो. स्त्री असल्यास आपण ‘महिला वैमानिक’ असे मुद्दाम म्हणतो. अरबीत वैमानिकाला ‘तय्यार’ म्हणतात. नियमाप्रमाणे त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘तय्यारा’ होते; परंतु बोलभाषेत ‘तय्यारा’ म्हणजे विमान! स्त्री विमान चालवील, ही शक्यता भाषाव्यवहाराने जणू गृहीतच धरली नव्हती.

वस्तुतः अरब स्त्री आकाशात फार पूर्वीच पोहोचली. इजिप्तच्या लोत्फिया अल-नादी यांनी १९३३ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला. प्रशिक्षणाचा खर्च परवडत नव्हता, म्हणून त्यांनी त्याच उड्डाणशाळेत कचेरीचे काम पत्करले. लढाऊ विमानापर्यंतचा प्रवास मात्र लांबला. संयुक्त अरब अमिरातीच्या मरियम अल-मन्सूरी यांनी २०१४ मध्ये सीरियातील ‘इस्लामिक स्टेट’विरोधी हवाई कारवाईत एफ-१६ विमान चालवले. मे २०२३ मध्ये सौदी अरेबियाच्या रय्याना बर्नावी या कर्करोग-संशोधक आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचल्या. अमिरातीच्या नोरा अल-मतरूशी यांनी २०२४ मध्ये नासाचे अंतराळवीर-प्रशिक्षण पूर्ण केले.

ही नामावली अभिमानास्पद आहे. तरीही तिच्याकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. सौदी अरेबियात स्त्रियांना मोटार चालवण्याची परवानगी मिळाली जून २०१८ मध्ये. या हक्कासाठी झगडणाऱ्या लुजैन अल-हथलूल यांना मात्र त्याआधीच्याच महिन्यात अटक झाली होती. म्हणजे दार उघडले, पण ते ठोठावणारी स्त्री तुरुंगात राहिली. यामुळे बर्नावींचे कर्तृत्व तिळमात्र उणे होत नाही. परंतु शासनाने दिलेली संधी आणि नागरिकाने मागून मिळवलेला हक्क यांत अंतर आहे. संधी निवडक व्यक्तींना मिळते; हक्क सर्वांचा असतो.

म्हणून माझ्या मते अडथळा खऱ्या अर्थाने मोडला की नाही, हे ‘पहिली’वरून ठरत नाही. दुसरी, दहावी, शंभरावी सहजपणे येते का आणि तिला निर्भयपणे मागणी करता येते का, यावरून ते ठरते. यापुढे ‘पहिली महिला’ असा मथळा वाचाल, तेव्हा कौतुक अवश्य करा. पण हे दोन प्रश्नही स्वतःला विचारा. ‘वैमानिक’ शब्दामागचे ‘महिला’ हे विशेषण ज्या दिवशी अनावश्यक वाटेल, त्या दिवशी भाषाच आपल्याला उत्तर देईल.