पत आहे, पण नोंद नाही

मराठीत ‘पत’ या शब्दाला जो मान आहे तो ‘कर्ज’ या शब्दाला कधीच मिळाला नाही. पत राखावी, कर्ज मात्र फेडून मोकळे व्हावे, ही आपल्या मध्यमवर्गाची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण आहे. ऋण काढून सण करणाऱ्याची आपण चेष्टा केली आणि कोणाचेही देणे न ठेवता निवृत्त होणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. या शिकवणीत खोट काही नाही. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत पत मोजण्याचे माप बदलले आहे, आणि हा बदल पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांना वयाच्या पन्नाशीत, बँकेच्या टेबलाशी बसल्यावरच कळतो.

मराठवाड्यातील एखाद्या अनुदानित शाळेचा शिक्षक डोळ्यांपुढे आणावा. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याने कर्ज काढले नाही असे नाही. बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण, सातारा परिसरातील भूखंड, दुचाकी, या प्रत्येक वेळी तो पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेकडे गेला. दोन सहकाऱ्यांनी जामीन म्हणून सह्या केल्या, संचालकांनी अर्ज मंजूर केला आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधील कलम ४९ च्या आधारे हप्ता परस्पर पगारातून कापला जाऊ लागला. एकही हप्ता चुकला नाही. चुकण्याची सोयच नव्हती. आता मुलीला पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणून तो शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जातो, सहकर्जदार म्हणून आपले नाव देतो, आणि पडद्याकडे पाहून अधिकारी म्हणतो, “गुरुजी, तुमचा सिबिलला काही इतिहासच दिसत नाही.” पंचवीस वर्षे प्रामाणिकपणे परतफेड केलेल्या माणसाला हे वाक्य अपमानासारखे लागले तर त्यात नवल नाही.

वस्तुतः अधिकारी खोटे बोलत नसतो. ‘सिबिल’ ही पतविषयक माहिती गोळा करणारी संस्था २००० साली स्थापन झाली आणि २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा केला. आज अशा चार कंपन्या देशात काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. बँका, सहकारी बँका, गृहवित्त संस्था, बँकेतर वित्तीय कंपन्या आणि कार्ड देणाऱ्या कंपन्या यांनी आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना पुरवावी लागते. त्या माहितीवरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक गुणांक काढला जातो. कायद्याने ‘पतसंस्था’ म्हणून ज्यांची व्याख्या केली त्या यादीत सहकारी बँक आहे. आपली पगारदारांची पतपेढी नाही. जिच्या नावातच ‘पत’ आहे तिच्याकडे केलेली परतफेड पतीच्या हिशेबात धरली जात नाही, हा भाषेने आपल्यावर केलेला विनोद म्हणावा लागेल. पदवीच्या वर्गात बँका पतनिर्मिती कशी करतात यावर प्रश्न हमखास येतो. खातेदाराची पत कशी निर्माण होते, हे कोणत्याच प्रश्नपत्रिकेत विचारलेले आढळत नाही.

कर्जाची वही कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यांचा रोख माणसांपेक्षा रोख्यांवर आणि वह्यांवर होता, कारण त्या वहीत काय लिहिले आहे हे कर्जदाराला कळत नव्हते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या कायद्याने परतफेडीची लेखी पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क कुळाला दिला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा आपल्याकडे लागू नव्हता. पण त्यामागचे तत्त्व आजही तेवढेच खरे आहे. वही आता सावकाराच्या पेटीतून संगणकात गेली आहे, आणि ती पाहण्याचा हक्क आपल्याला आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. हा हक्क बजावणारे किती? स्टाफरूममध्ये विचारून पाहावे.

पूर्वेतिहास नाही एवढ्याच कारणावरून प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेतही त्याचा पुनरुच्चार केला. हे योग्यच झाले. तथापि नकार न मिळणे आणि चांगल्या दराने कर्ज मिळणे यांत अंतर आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी गृहकर्जे बदलत्या व्याजदराची असल्यास रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात. त्यावर ग्राहकाच्या जोखमीपोटी जो अधिभार लागतो तो ठरवताना गुणांक पाहिला जातो, आणि कित्येक बँकांची दरपत्रकेच गुणांकाप्रमाणे पायऱ्या दाखवतात. वीस लाखांचे कर्ज पंधरा वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १९,७०० रुपये पडतो. साडेनऊ टक्क्यांनी घेतले तर सुमारे २०,९००. महिन्याचा फरक बाराशेच्या आसपास, पण मुदतीअखेर तो दोन लाखांच्या वर जातो. एवढी रक्कम केवळ नोंदीअभावी देणे कोणत्याही नोकरदाराला परवडणारे नाही.

म्हणून उशिरा का होईना, नोंद उभी केली पाहिजे. आणि ती नोकरीत असतानाच केली पाहिजे. निवृत्तीनंतर पगारपत्रक हाती राहत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना तर जुन्या निवृत्तिवेतनाचा भरवसा सहसा नाही. ज्यांना पगाराच्या खात्यावर बँक कार्ड देते त्यांनी लहान मर्यादेचे, वार्षिक शुल्क नसलेले एक कार्ड घ्यावे, त्यावर किराणा किंवा विजेचे बिल यांसारखा ठराविक खर्च करावा आणि पूर्ण रक्कम मुदतीत भरावी. साधारण सहा महिन्यांत गुणांक दिसू लागतो. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक आणि विनाअनुदानित शाळांतील शिक्षक यांना पगारपत्रकावर कार्ड मिळणे कठीण. त्यांच्यासाठी मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड हा सरळ मार्ग आहे. ठेव बँकेत राहते, तिचे व्याज चालू राहते आणि तिच्या काही टक्के मर्यादेचे कार्ड हाती येते.

येथे गृहिणींचा प्रश्न वेगळा सांगितला पाहिजे. पतीच्या कार्डाला जोडून पत्नीला जे पुरवणी कार्ड मिळते, त्याची सगळी जबाबदारी मूळ धारकाची असते आणि त्यावरील परतफेडीने पत्नीची स्वतंत्र नोंद सर्वसाधारणपणे उभी राहत नाही. उद्या पती गेला तर तीस वर्षे घर चालवलेल्या बाईला बँक अनोळखी समजते. तिच्या नावावर तीस-चाळीस हजारांची ठेव आणि त्यावर तिचे स्वतःचे कार्ड असावे, असे या लेखकाला आग्रहाने वाटते.

आता दुसऱ्या कार्डाकडे वळू. पहिले कार्ड वर्षभर नीट चालले की दूरध्वनी सुरू होतात आणि सिडकोतल्या मॉलच्या दारात कोणीतरी अर्ज घेऊन उभा असतो. देशातील चालू क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या आरंभी दहा कोटींवर गेली, ती अशा आग्रहाशिवाय गेलेली नाही. दुसऱ्या कार्डाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही. पहिल्या कार्डाची मर्यादा चाळीस हजार असेल आणि बिल अठ्ठावीस हजारांचे येत असेल, तर मर्यादेचा सत्तर टक्के वापर नोंदला जातो आणि गुणांक दबतो. साठ हजारांचे दुसरे कार्ड घेतले की एकूण मर्यादा लाखाची होते आणि तोच खर्च अठ्ठावीस टक्क्यांवर येतो. हे प्रमाण तिशीच्या आत असावे असा व्यवहारातला ठोकताळा आहे. तो कायदा नव्हे. परंतु ज्याला केवळ हे प्रमाण खाली आणायचे आहे त्याने बिल निघण्यापूर्वीच निम्मी रक्कम भरून टाकावी, किंवा आहे त्याच कार्डाची मर्यादा वाढवून मागावी. त्यासाठी नव्या कार्डाची गरज नाही, आणि विक्रेता हे सांगणार नाही.

मग दुसरे कार्ड कोणी घ्यावे? ज्याचे पहिले कार्ड ठेवीच्या तारणाचे आहे आणि ज्याला आता ठेव मोकळी करायची आहे, त्याने अवश्य घ्यावे. घरच्या रुग्णाला उपचारांसाठी वारंवार पुण्या-मुंबईला न्यावे लागणाऱ्यानेही दुसऱ्या बँकेचे एक कार्ड जवळ ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण ऐन रुग्णालयाच्या खिडकीवर एका बँकेची यंत्रणा बंद पडू शकते. निवडताना बक्षिसांच्या गुणांकडे सर्वांत शेवटी पाहावे. वर्षातून एकदाही चिकलठाण्याचे विमान न धरणाऱ्याला विमानतळावरील विश्रामकक्षाचे आमिष दाखवले जाते, आणि पाचशे रुपयांचे वार्षिक शुल्क माफ व्हावे म्हणून माणूस लाखभराची खरेदी पूर्ण करत बसतो. खरे पाहायचे ते शुल्काचे कोष्टक आणि बिलाची तारीख. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याची मुभा दिली आहे. ज्यांचा पगार महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रखडतो अशा आपल्याकडील शिक्षकांना तिचा मोठा उपयोग आहे. त्याच निर्देशांनुसार थकबाकी तीन दिवसांहून अधिक राहिली तरच ती पतमाहिती कंपनीला कळवता येते. न मागितलेले कार्ड कोणी गळ्यात मारू शकत नाही, आणि बंद करण्याची विनंती, थकबाकी नसल्यास, सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण न केल्यास बँकेला दररोज पाचशे रुपये द्यावे लागतात. दोन-तीन बँकांकडे एकदम अर्ज मात्र करू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि घाईत असलेला कर्जदार कोणत्याही सावकाराला संशयास्पद वाटतो. आपणच आपला अहवाल पाहिल्याने गुणांक घटत नाही.

या व्यवहाराची दुसरी बाजू फार काळी आहे. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस, हा व्याजदर आज अनेक कार्डांवर आढळतो. चाळीस हजारांचे बिल आले आणि ‘किमान देय रक्कम’ म्हणून दोन हजार भरले, तर पुढील महिन्याचे व्याज सुमारे चौदाशे आणि त्यावरील वस्तू व सेवा कर अडीचशे होतो; मुद्दलातून जेमतेम साडेतीनशे रुपये फिटतात. शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. तीस टक्क्यांवरील व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटले होते. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा न्यायालयाच्या छत्रीखाली जाऊन व्याज टाळू, हा मार्ग आता उरलेला नाही. ज्याला एका कार्डाचे बिल पूर्ण भरता येत नाही त्याने दुसऱ्या कार्डाचा विचारच करू नये. एकाचे देणे दुसऱ्यावर टाकणारा आपली पत उभारत नसतो, फक्त बुडण्याची तारीख पुढे ढकलत असतो.

जामिनाबद्दल दोन शब्द. स्टाफरूममधील सहीची आपली जुनी रीत बँकेतही आपण सहजपणे चालवतो. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँकेच्या कर्जाला दिलेला जामीन आपल्या अहवालातही दिसतो. मित्राने थकवलेले हप्ते वर्षांनंतर आपल्या गृहकर्जाच्या आड येतात. अहवालात चुकीची नोंद आढळली तर तक्रार करावी. तीस दिवसांत निराकरण न झाल्यास दररोज शंभर रुपये भरपाई देण्याचे बंधन २०२४ पासून आहे, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येते.

राहिला प्रश्न पगारदारांच्या पतसंस्थांचा, आणि तो एकेकट्या सभासदाच्या हातचा नाही. २००५ च्या कायद्याने आणखी संस्थांना या व्यवस्थेत आणण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला दिलेला आहे. सगळ्याच पतसंस्थांचे हिशेब विश्वासार्ह नाहीत, हे २०२३ साली याच शहरातील आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेच्या प्रकरणाने ठेवीदारांना फार महागात शिकवले. पण पगारातून थेट कपात होणाऱ्या, नियमित लेखापरीक्षण असलेल्या पगारदार संस्थांपासून आरंभ करता येईल. हप्त्याची कपात वेतनपत्रकात आधीच नोंदलेली असते. सभासदाच्या संमतीने ती माहिती पतमाहिती कंपन्यांना पुरवणे हे काही अवघड लेखाकर्म नव्हे. शिक्षक आणि कर्मचारी संघटना महागाई भत्त्यासाठी मोर्चे काढतात, ते काढावेतच. त्यांच्या मागण्यांच्या यादीत हे कलम अद्याप यायचे आहे. संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. लाभांशाच्या टक्क्यावरची चर्चा आटोपली की हा ठराव तेथे मांडता येईल.