खुले कपाट, हरवलेली सूची

१ मे २०२० रोजी, म्हणजे कामगार दिनीच, केंद्रीय गृह मंत्रालयाने हुकूम काढला : सरकारी असो वा खासगी, प्रत्येक आस्थापनेतील कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर ‘आरोग्य सेतू’ असलाच पाहिजे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारही या हुकमाच्या कक्षेत आला. १७ मे रोजी सक्ती सैल करण्यात आली आणि २६ मे रोजी अँड्रॉइड फोनवरील आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड, सरकारने खुला केला. पारदर्शकतेचा मोठा गाजावाजा झाला. परंतु कामगाराच्या नोंदणीची माहिती ज्या सर्व्हरवर जात होती, त्याचा कोड त्यात नव्हता. तो नोव्हेंबर २०२० मध्ये आला. जे शोधायचे, तेच कपाटात नव्हते.

‘कोड खुला आहे, आणखी काय हवे?’ हा सवाल शहाजोगपणाचा आहे. कागदोपत्री मालकी आणि प्रत्यक्ष नियंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समाजवाद्यांना तरी सांगावयास नको. कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले म्हणजे कारभार कामगारांच्या हाती आला, असे होत नाही. कोडचेही तसेच आहे. हजारो फाइलींच्या ढिगाऱ्यात निर्णय करणारी ओळ कोठे आहे हे मूठभरांनाच ठाऊक असेल, तर ती मक्तेदारीच होय.

वास्तविक ही ओळ शोधण्याची रीत गूढ नाही. प्रथम प्रकल्पाची ‘रीडमी’ फाईल वाचावी. मग पडद्यावर दिसणारा एखादा शब्द घेऊन सर्व फाइली धुंडाळाव्यात. मराठी भाषांतर असलेल्या प्रकल्पांत तर आणखी एक वाट असते. गेटटेक्स्ट पद्धतीच्या भाषांतर-फाइलीत वाक्यावर ते मूळ कोडच्या कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर आहे, याचा निर्देश बहुधा असतो. ती ओळ कोणी व केव्हा बदलली, हे ‘गिट’च्या इतिहासातून कळते. लिनक्स कर्नलच्या ओळी दोन कोटींहून अधिक. तरी तेथे वाट सापडते, कारण कोणता भाग कोण सांभाळतो याची यादी कोडसोबतच असते. १९९१ च्या जीपीएल परवान्याने आज्ञावली बांधण्याच्या व बसविण्याच्या स्क्रिप्टाही ‘संपूर्ण सोर्स कोड’मध्येच मोजल्या. उलट, इतिहास पुसून आणि बांधणीच्या सूचना वगळून एकगठ्ठा टाकलेला कोड म्हणजे निव्वळ देखावा.

‘कारखान्यातल्या कामगाराला कोड घेऊन काय करायचे?’ असे आपल्यातलेच काही मित्र विचारतील. पालघर तालुक्यात भूमिसेनेने सावकारांच्या ताब्यातील आदिवासी जमिनींसाठी लढा दिला, तेव्हा किती आदिवासींना फेरफार वाचता येत होता? १९७४ च्या कायद्याने आदिवासींची जमीन परत करण्याची तरतूद केली. पण जमीन कशी गेली हे दाखविणारी नोंद सापडल्याखेरीज दावा उभा राहत नाही. प्रत्येकाला वाचता येण्याची गरज नव्हती. आपल्या बाजूने वाचणारा कोणीतरी असण्याची होती. आज हजेरी, शिधा आणि सातबारा यंत्रावर गेले आहेत. यंत्राने नाव वगळले, तर ते कोणत्या नियमाने वगळले याचे उत्तर कोडमध्येच असणार.

यासाठी नवे तत्त्व शोधावयास नको. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ अभिलेखांची सूची व निर्देशिका ठेवण्याचे बंधन शासनावर घालते, कारण न सापडणारा कागद नसल्यासारखाच. शासकीय आज्ञावल्यांचा कोड खुला करण्याचे धोरण केंद्राने २०१५ सालीच जाहीर केले आहे. त्याला ही कसोटी लावा, अशी मागणी पक्षाने केली पाहिजे : सर्व्हरसह संपूर्ण कोड, बदलांचा इतिहास, बांधणीच्या सूचना आणि कोणता निर्णय कोणत्या फाइलीत होतो याची मराठी निर्देशिका.

आणि बोईसर-पालघरच्या कार्यकर्त्यांनी शासनाची वाट पाहत बसू नये. महाविद्यालयांत संगणक शिकणारी आपलीच मुले आहेत. त्यांचे अभ्यासवर्ग भरवा. कार्यकर्त्यांनी फेरफार वाचावयास शिकून घेतले, तसा कोडही वाचावयास शिकला पाहिजे.