खेळांच्या यादीत मराठी का नाही?

मोठ्या खर्चाने तयार झालेला एखादा व्हिडिओ गेम सुरू केला, की भाषांची एक यादी समोर येते. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि स्पॅनिश ही पाच नावे तीत जवळजवळ ठरलेली असतात. त्यांच्या मागोमाग जपानी, कोरियन, चिनी, रशियन, ब्राझीलची पोर्तुगीज आणि पोलिश या भाषा येतात. २०११च्या जनगणनेत जिचे भाषक ८ कोटी ३० लाख भरले, ती मराठी तेथे नसते. बहुतेक वेळा हिंदीही नसते. पोलिश भाषकांची संख्या मराठी भाषकांच्या निम्म्याच्या आसपास आहे. तेव्हा डोकी मोजून बाजारपेठ ठरत नाही, हे आधीच मान्य करावयास हवे.

मग ती कशाने ठरते? पहिले उत्तर अर्थातच क्रयशक्तीचे. कन्सोलवरचा नवा मोठा खेळ आपल्याकडे चार-पाच हजार रुपयांच्या घरात जातो, आणि कन्सोलचे पैसे वेगळेच. आम्ही ज्या परिसरात राहतो त्या गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावातून, साखर हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. तेथे या किमतीची चर्चाही व्यर्थ होय. पण खेळ तेथेही पोहोचलाच. २०१६नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि साध्या फोनवर फुकट उतरवून घेता येणारे ‘पबजी’ व ‘फ्री फायर’ गावोगाव खेळले जाऊ लागले. या खेळांचा धंदा प्रवेशमूल्यावर चालत नाही. गर्दी आणि तिच्यातल्या थोड्यांनी आत केलेली खरेदी यांवर तो चालतो. सप्टेंबर २०२०मध्ये ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली, तेव्हा क्राफ्टन या कोरियन कंपनीने २०२१मध्ये खास भारतासाठी वेगळी आवृत्ती आणली. तीत रक्ताचा रंग बदलला आणि अल्पवयीनांसाठी वेळेची मर्यादा घातली. म्हणजे आपली गरज त्यांना नव्हती असे नाही. जेथे परवानगी अडते तेथे कंपनी रक्ताचा रंगसुद्धा बदलते. जेथे काहीच अडत नाही तेथे ती एक शब्दही बदलत नाही.

आमच्या मते दुसरे आणि अधिक बोचरे उत्तर येथेच आहे. मराठीवाचून कोणाचेच काही अडत नाही. ब्राझीलच्या खेळाडूला स्पॅनिश देऊन भागवता येत नाही, पोलिश खेळाडूस रशियन देऊन भागत नाही. मराठी खेळाडू मात्र इंग्रजीत निमूटपणे खेळतो आणि सोबत्यांशी हिंदीत ओरडतो. हिशेब मांडणाऱ्याच्या वहीत त्यामुळे ‘मराठी बाजारपेठ’ अशी नोंदच होत नाही. ती इंग्रजीच्या नाही तर हिंदीच्या रकान्यात आधीच जमा असते. आपली बहुभाषिकता हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. तिची किंमत ही अशी चुकती होते.

बाजारपेठ ही आधीपासून असलेली वस्तू आहे, असे मानणाऱ्यांनी पोलंडकडे पाहावे. नव्वदच्या दशकात तेथे चोरट्या प्रतींचा सुकाळ होता आणि परदेशी कंपन्यांच्या लेखी तो देश नगण्य होता. १९९४मध्ये स्थापन झालेल्या सीडी प्रोजेक्ट या वितरण-कंपनीने १९९९ साली ‘बाल्डर्स गेट’ हा संवादांनी भरलेला खेळ नामवंत नटांच्या आवाजात, पूर्णपणे पोलिशमध्ये आणला. पैसे देऊन घ्यावे असे त्यात काही होते, म्हणून लोकांनी तो विकत घेतला. त्याच कंपनीने पुढे आंद्रे सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवरून ‘द विचर’ हा खेळ २००७ साली आणला. भाषांतर, वाचक आणि निर्मिती हा क्रम वाङ्मयेतिहास शिकवणाऱ्यांस अपरिचित असू नये.

आपल्याकडे कारागिरीची वाण नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या एका जुन्या खेळाची नवी आवृत्ती पुणे व मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचे २०२०मध्ये जाहीर झाले होते, २०२२मध्ये ते काम माँट्रियलला गेले. त्याच मालिकेतल्या २०२४च्या खेळात प्रथमच फारसी संवाद आले. निर्बंधांखालच्या इराणकडून मोठी कमाई होण्याची शक्यता नसताना आले. भाषेचा मान राखण्यास नेहमी बाजारच लागतो असे नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ २०२०मध्ये प्रथम प्रकाशित झाला तो निन्टेन्डोच्या स्विचवर, म्हणजे आपल्या देशात अधिकृतपणे विकल्याही न जाणाऱ्या यंत्रावर. २०२२च्या सुधारित आवृत्तीत त्याला हिंदी आवाज मिळाला. मराठी पुण्यातूनही मागे राहिली.

मराठीचा अगत्याने शोध घेतला तो पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीने. ओळखीचे चेहरे, घरगुती बोली, सणावारांचे संदर्भ, सारे काही त्या जाहिरातींत होते. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने तो धंदा बंद केला. तोवर एवढे सिद्ध झाले होते, की खिशापर्यंत पोहोचायचे असेल तेव्हा मराठी उत्तम येते; कल्पनाशक्तीपर्यंत पोहोचायचे असेल तेव्हा मात्र ती ‘परवडत नाही’.

१८३१चा मोल्सवर्थचा कोश परकीय राजवटीने आपल्या गरजेपोटी करवला, आणि तरी तो आपल्या कामी आला. कंपन्यांची अशी गरज निर्माण होईपर्यंत वाट पाहावी काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीस अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आपण मराठी विभागांतून साजरा केला. त्याच विभागांच्या अभ्यासक्रमांत अनुवादाची पत्रिका असते आणि तीत कथा, कविता, जाहिरात, बातमी यांना स्थान असते. खेळातले संवाद, सूचना, फाटे फुटत जाणारी कथा यांनाही ते द्यावे. त्यासाठी परकीय कंपनीची परवानगी लागत नाही. पुण्यातला एखादा छोटा स्टुडिओ आणि मराठीचे दहा विद्यार्थी यांची गाठ पडली तरी सुरुवात होते. आपले विद्यार्थी रोज तासन्‌तास ज्या कथाविश्वात वावरतात, तेथे मराठीचा एकही शब्द नसतो. हा प्रश्न करमणुकीचा म्हणून क्रीडाशिक्षकाकडे सोपवण्यासारखा नाही. तो मराठीच्या प्राध्यापकाचा आहे.