कुलूप दाराला, तिजोरी उघडी

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांची वाट धरतात आणि गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांच्या याद्या होऊ लागतात. मुलाचे नाव, आधार क्रमांक, पालकांचा पत्ता हे सारे पुष्कळदा शिक्षकाच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये असते. ते सुरक्षित आहे काय, असे विचारल्यास उत्तर ठरलेले : ‘पासवर्ड घातला आहे!’

हे उत्तर प्रामाणिक आहे, पण अपुरे आहे. यंत्र सुरू होताना विचारला जाणारा परवलीचा शब्द, मग तो विंडोजचा असो वा त्याआधीचा बायोसचा, हा दारावरचा पहारेकरी होय. तो माणसाला अडवतो. माहिती झाकत नाही. अनेक लॅपटॉपांतील डिस्क स्क्रू ड्रायव्हरने काढून दुसऱ्या संगणकास जोडली की पहारेकरी मागेच राहतो आणि याद्या वाचता येतात.

खरे संरक्षण आहे ते डिस्कवरील मजकूरच सांकेतिक रूपात ठेवण्यात. तसे केल्यास किल्लीवाचून चोराच्या हाती निरर्थक चिन्हेच लागतात. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ ही सोय २००७ च्या व्हिस्टापासून आहे. मात्र ती सर्व आवृत्त्यांत पूर्णांशाने मिळत नाही. शिवाय किल्ली हरवली तर मालकही बाहेरच राहतो. म्हणून तिची नोंद लॅपटॉपपासून दूर, कपाटात हवी.

मग हे होत का नाही? अर्थशास्त्राला हा रोग परिचित आहे : काळजीचा खर्च एकाचा आणि हयगयीचे नुकसान दुसऱ्याचे. लॅपटॉप गेला तर शिक्षकाचे काही हजार रुपये बुडतील. मजुराच्या मुलाचा आधार क्रमांक मात्र जन्मभर तोच राहणार.

दोष शिक्षकाचा नव्हे. सरकारी काम तो स्वतःच्या यंत्रावर करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, सुरक्षिततेची वाजवी तजवीज न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा जे खाते माहिती मागते, त्यानेच सुरक्षित यंत्र, योग्य प्रणाली आणि एका दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. तोवर आपण निदान एवढे तरी करू : काम संपलेल्या याद्या लॅपटॉपमध्ये साठवून ठेवू नयेत. फडात राबणाऱ्या आईबापांनी आपल्या हाती केवळ मूल सोपविलेले नाही. त्याचे नावही सोपविले आहे.