न मागितलेली दाद

सरकारी कचेरींतून नकार घेऊन मुकाट्यानें घरीं परतणारीं माणसें पाहिलीं कीं, आपण सुशिक्षित मंडळी चटकन् म्हणून जातों, “हे लोक वर दाद कां मागत नाहींत? अज्ञान, दुसरें काय!” हें उत्तर सोयीचें आहे, पुरतें खरें मात्र नाहीं. वर्धा जिल्ह्यांतील एका प्रश्नाच्या अनुरोधानें तें आज तपासून पाहूं.

कर्जापायीं आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांस एक लाख रुपयांचें साह्य द्यावें, असें महाराष्ट्र सरकारनें २००६ च्या जानेवारींत ठरविलें. त्याच वर्षीं पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं विशेष योजना जाहीर केली, त्यांत अमरावती, यवतमाळ, अकोला, वाशीम व बुलढाणा यांच्याबरोबर वर्धाही होता. साह्य कोणास द्यावयाचें हें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरविते. तलाठी, तहसीलदार व पोलीस यांचे अहवाल येतात आणि प्रकरणावर ‘पात्र’, ‘अपात्र’ किंवा ‘चौकशीसाठीं प्रलंबित’ असा शेरा पडतो. विदर्भांत ‘अपात्र’ ठरलेलीं प्रकरणें हजारांनीं मोजावीं लागतात.

अटी दिसावयास साध्या आहेत. जमीन मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नांवावर हवी; कर्ज बँकेचें, सहकारी संस्थेचें वा परवानाधारक सावकाराचें हवें; आणि तें थकलेलें हवें. परंतु कपाशीच्या मुलखांतला व्यवहार या चौकटींत बसत नाहीं. कित्येकजण दुसऱ्याची शेती ठेक्यानें वा बटईनें करतात. सातबाऱ्यावर त्यांचें नांव नसतें. कर्ज पुष्कळदां परवाना नसलेल्या सावकाराचें, कृषिकेंद्राच्या उधारीचें किंवा सोयऱ्याधायऱ्यांचें असतें. आणखी एक खोंच पाहा. मार्चअखेर सावकाराकडून पैसे उचलून बँकेचें खातें भरावयाचें आणि लगेच नवें कर्ज काढावयाचें, याला ‘नवेंजुनें करणें’ म्हणतात. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा भार त्यानें वाढतो. कागदावर मात्र थकबाकी उरत नाहीं! मग अहवाल कागदास धरून खरा असतो, आणि त्याच्या विधवेस मिळालेला नकार तिच्या दृष्टीनें धादांत अन्याय असतो.

तरीही ती गप्प कां राहते? पहिलें कारण हें कीं, कशाशीं झगडावयाचें तेंच तिला कळत नाहीं. ‘अपात्र’ या एका शब्दामागें कोणती अट आडवी आली, हें नीट समजावून सांगणारें कोणी नसतें. दुसरें कारण त्या साह्याच्या नांवांतच आहे. सरकारी भाषेंत अशा मदतीस ‘सानुग्रह’ म्हणतात. जें अनुग्रहानें मिळावयाचें त्यासाठीं भांडावें कसें? हक्क नाकारला तर माणूस चिडतो. दान नाकारलें तर तो ओशाळतो.

तिसरें कारण अधिक व्यवहारी आहे. ज्या तलाठ्याच्या अहवालावर आक्षेप घ्यावयाचा, त्याच्याकडूनच तिला उद्यां सातबारा हवा असतो, वारसाची नोंद हवी असते. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासही त्याच कचेरीचे दाखले लागतात. एका दारावर भांडण मांडलें कीं चार दारें बंद होतील, ही तिची भीति केवळ भ्रम म्हणतां येत नाहीं. त्यांत आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यांतल्या खेड्यांतून वर्ध्यास एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. शिवाय सासरचा दाब असतोच. आत्महत्येचा विषय पुनः उकरूं नये, जमिनीची वांटणी निघूं नये, असें घरांतल्या वडीलधाऱ्यांस वाटत असतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हा मूक दाब निराळा सांगावयास नको.

हें केवळ आपल्याकडेच घडतें असेंही नाहीं. इंग्लंडमध्यें कोवन व हॅलिडे या अभ्यासकांनीं बेघर अर्जदारांविषयीं २००३ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथें निर्णयाचा फेरविचार मागण्याचा हक्क कायद्यानेंच दिलेला. तरी फारच थोडे अर्जदार तो वापरीत. कित्येकांस वाटे, नियमच असा असेल. कित्येकांचा कचेरीवर विश्वास नव्हता. आणि पुष्कळजण पहिल्या अर्जानेंच थकून गेले होते. म्हणजे मौनास निरक्षरताच लागते असें नाहीं, थकवाही पुरतो.

यावर कोणी म्हणेल, खोटीं प्रकरणें येतात, अधिकाऱ्यांनीं काटेकोर नसावें काय? अवश्य असावें. परंतु काटेकोरपणाची परीक्षा फेरतपासणींतच होते. कोणी दाद मागितलीच नाहीं, तर निर्णय बरोबर होता म्हणून शांतता आहे कीं माणसें हरलीं म्हणून आहे, हें खुद्द अधिकाऱ्यासही कधीं कळणार नाहीं.

मार्ग अगदींच नाहींत असें नव्हे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें दहा रुपये भरून चौकशीच्या अहवालाची प्रत मागतां येते. ती हातीं आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरविचाराचा अर्ज करतां येतो, आणि शेवटीं उच्च न्यायालयाचें नागपूर खंडपीठ आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांपुरता २०१५ चा लोकसेवा हक्काचा कायदा आहे. नकाराचें कारण लेखी मिळावें आणि तीस दिवसांत पहिलें अपील करावें, अशी तरतूद त्यांत आहे. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांस, त्यांचें उत्पन्न कितीही असलें तरी, विनामूल्य वकील मिळतो.

परंतु हे मार्ग कायद्यांत असणें निराळें आणि त्या बाईच्या पायांखालीं असणें निराळें. तेथें गरज लागते ती कागद वाचून दाखविणाऱ्याची, मुदतीची तारीख ध्यानांत ठेवणाऱ्याची, आणि कचेरींत शेजारच्या बांकावर बसणाऱ्या एका माणसाची. वाचकहो, आपल्या घरांत कोणी निवृत्त कारकून असेल, कोणी शिक्षक, कोणी नुकती वकील झालेली सून. घरीं कामास येणाऱ्या बाईनें किंवा गांवाकडच्या कुळानें “अर्ज फेटाळला” असें सांगितलें, तर हळहळून विषय सोडूं नये. “कारण लेखी मिळालें का? तारीख कोणती?” एवढे दोन प्रश्न विचारावे, आणि पुढच्या फेरीस कोणीतरी बरोबर जावें.